खाली ओढलेला फेडर

माझ्या दाजींनी मला फसवलं. पैशात नाही. पैशात मला फसवणारा अजून पुण्यात यायचाय. त्यांनी मला आवाजात फसवलं. मी त्यांच्या ऑर्केस्ट्रात बास गिटार वाजवत होतो आणि तो बास लोकांपर्यंत जातच नव्हता. दाजींना ते माहीत होतं. मिक्सरवर बसणाऱ्याला माहीत होतं. कीबोर्डवाल्याला तर असणारच, कारण माझ्या वाटचा बास तो डाव्या हाताने वाजवत होता. माहीत नव्हतं ते एकाच माणसाला, आणि तो हातात बास घेऊन उभा होता.

हे मी रागात लिहितोय असं कुणी म्हणेल. रागात आहेच. पण रागावलेला माणूस खोटंच बोलतो असा काही नियम नाही.

बुधवार पेठेत माझं जुन्या साउंडच्या सामानाचं दुकान आहे. अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, स्पीकर, माइक, वायरी. वडील अकोल्याकडून कारखान्यातल्या नोकरीसाठी पुण्यात आले. मी मंडईबाहेर टोपलीत रिमोट आणि चार्जर घेऊन बसलो, आणि तिथून दुकानापर्यंत मला कुणी बोट धरून आणलं नाही. भाव करायला मी मंडईतल्या मटार सोलत बसणाऱ्या बायकांकडून शिकलो. वस्तू आवडली की आधी तिच्यातली खोट सांगायची. आणि भाव जमेना की उठून चालायला लागायचं, पण हळू, म्हणजे मागून हाक आली तर ऐकू येते. आजवर माझं सगळं या दुसऱ्या गोष्टीवर चाललं. ज्याला उठून जाता येतं, त्याचाच सौदा.

ऑर्केस्ट्रा दाजींचा. गाते ती माझी ताई. लग्न, हळद, एप्रिलमधले जयंतीचे कार्यक्रम, सोसायट्यांची स्नेहसंमेलनं. जयंतीला ताई गायला उभी राहते तेव्हा पुढे बसलेल्या म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावतात, हे मी कित्येकदा पाहिलंय. तिच्या गळ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दाजींकडे सामान नव्हतं आणि मला बास वाजवायचा होता. सामान माझं, त्याचं भाडं घेणार नाही, पण बासची जागा माझी, असं मी त्यांच्या घरी बसून सांगितलं. दाजींनी चहाचा कप खाली ठेवून लगेच हात पुढे केला. इतक्या लगेच हात पुढे आला की समजावं, आपण कमी मागितलं. हे मी रोज गिऱ्हाइकांच्या बाबतीत ओळखतो. त्या दिवशी घरातला माणूस म्हणून ओळखलं नाही.

बासच का, असं मला लोक विचारतात. जुना स्पीकर विकत घेताना मी आधी त्याचा खालचा आवाज तपासतो. गाणं कुणीही ऐकतं. पण खालून जे येतं, मांडीवर कुणी हात ठेवल्यासारखं, ते असलं की माणूस जागेवर बसतो. ते नसलं की गाणं ठीक असूनही लोक चुळबुळ करतात आणि कशामुळे ते त्यांना सांगता येत नाही. मला ते काम हवं होतं.

सुरुवातीला दाजींची एकच तक्रार असायची: घुमतंय. तेव्हा मिक्सरवर ते स्वतः बसत आणि निवेदनही तिथूनच करत. मंगल कार्यालय म्हणजे पत्र्याचं छत, गुळगुळीत फरशी आणि बाजूला काचा. तिथे खालचा आवाज एकदा सुटला की परत यायचं नाव घेत नाही. ताईचे शब्द त्यात बुडायचे. एकदा सगळ्यांसमोर दाजी म्हणाले, "मेहुणे, बास आहे की बोअरवेल?" कीबोर्डवाला हसला. तेही माझ्या लक्षात आहे.

दुसऱ्याच्या मालातली खोट मला दुरून दिसते, मग आपल्या हातातली का दिसू नये? दुपारी एक ते चार दुकान बंद ठेवायची पेठेत रीतच आहे. त्या वेळेत न झोपणारा मी एकटाच असेन. शटर अर्धं ओढून, जुन्या सामानाच्या ढिगात स्टूल टाकून मी वाजवत बसायचो.

मी तार मानेच्या बाजूला छेडत होतो, दांडीवरच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे फ्रेट, संपतात तिथे. तिथे तार बोटाला सोपी लागते आणि आवाज मोठा, गोल येतो. दुकानात तो गोड वाटतो, हॉलमध्ये तोच सांडतो. हात थोडा ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली जिथे अडकवलेल्या असतात तिकडे, सरकवला की आवाज आवळला, त्याला कडा आली. अगदी ब्रिजपाशी नेला तर नुसतंच टणटण, खालचं अंगच गेलं. मधे कुठेतरी एक जागा होती. रोज सापडायची, रोज हरवायची.

मग जोराचं. मंडईत ओरडून माल विकलेला माणूस मी, तारही ओरडूनच वाजवायचो. जोरात छेडलं की तार फ्रेटवर आपटते. आधी खट् होतं आणि सूर मागून येतो. बोट हलकं ठेवून अ‍ॅम्प किंचित वाढवला तर सूर आधी येतो आणि भरलेला येतो. आयुष्यात कुठलंच काम हलक्या हाताने न केलेल्या माणसाला हे शिकायला काय पडतं, ते मलाच ठाऊक.

सगळ्यात उशिरा कळलं ते थांबवणं. घुमतात त्या बहुतेक आपण न छेडलेल्या तारा. एक वाजते आणि तिच्या शेजारणी आपापल्या परीने कुजबुजत राहतात. म्हणून उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर टेकवून ठेवायचा, डाव्या हाताची रिकामी बोटं बाकीच्यांवर नुसती पडू द्यायची. मग सूर येतो, बसतो आणि सांगितल्यावर उठतो.

पिकअपची वेगळीच कथा. तारांखालचा तो चुंबकाचा तुकडा तारेचं हलणं पकडून वायरीत घालतो. माझ्या बासवर दोन बारीक पिकअप होते, एक मानेकडे आणि एक ब्रिजकडे. दोन्ही सारखे उघडे ठेवले की शांत. मला ब्रिजकडचा जास्त हवा असायचा, आणि दुसरा कमी केला की घरघर सुरू. डेकोरेशनचे दिवे लागले की ती ताईच्याही वर गायची. शेवटी गिटार दुरुस्त करणाऱ्या एका ओळखीच्याकडे दोन तुकड्यांचा पिकअप दिसला. एक तुकडा दोन तारांखाली, दुसरा जरा सरकून उरलेल्या दोन तारांखाली. हा घरघरत नाही आणि आवाज नेमका मधे बसवतो. त्याने भाव सांगितला. मी त्याला वायर आखूड असल्याचं दाखवलं आणि उठलो. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर हाक आली.

बसवल्यावर मी तो तारांच्या जितका जवळ नेता येईल तितका नेला. जेवढा जवळ तेवढा जास्त माल, असा माझा हिशेब. आवाज मोठा झाला पण खरखरीत, आणि लांब सूर मधेच डगमगायचा, कारण चुंबक तारेलाच ओढत होता. स्क्रूड्रायव्हरने अर्धा-अर्धा फेरा खाली घेत गेलो. प्रत्येक फेऱ्याला आवाज लहान होत होता आणि बरा होत होता. मला हे पटायला वेळ लागला.

त्यानंतरचा एक कार्यक्रम सिंहगड रस्त्याला होता. परतताना नेहमीप्रमाणे दाजी टेम्पोत ड्रायव्हरशेजारी आणि मी मागे, स्पीकरच्या मधे पाय दुमडून. मधल्या खिडकीतून मान वळवून दाजी म्हणाले, "मेहुणे, आज बास साजूक तुपासारखा होता."

बस. एवढंच. त्यांना पुढे कुणाचा तरी फोन आला. मी मागे अंधारात एका हाताने स्पीकर धरून बसलो होतो. दुकान घेतलं त्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. या एका वाक्यावर मी किती दिवस काढले ते सांगत नाही. नातेवाइकांनी काढलेले मोबाईलवरचे व्हिडिओ मी दुकानात गिऱ्हाइकांना लावून दाखवायचो. खालचा आवाज ऐका, म्हणायचो, तो मी. एका गाण्यात मी खालून वरच्या सुरावर घसरत जातो, ते घसरणं व्हिडिओत कधीच ऐकू यायचं नाही. मोबाईलच्या माइकला काय कळतं, असं म्हणून मी सोडून द्यायचो.

तक्रार थांबली. पुढे दाजींनी मिक्सरवर एक माणूस ठेवला आणि स्वतः स्टेजवर निवेदनाला उभे राहू लागले. माझी जागा मात्र तीच राहिली: स्पीकरच्या भिंतीमागे, पडद्याला पाठ लावून, पुढे कीबोर्डचा स्टँड. एकदा उभं राहिलं की समोर स्टँड, वायरी आणि माइक लागतात आणि कार्यक्रम संपेपर्यंत बाहेर पडता येत नाही. पायाशी माझा छोटा अ‍ॅम्प. त्यातून मला माझा आवाज यायचा आणि त्यातूनच दुसरी वायर मिक्सरकडे जायची. सुरुवातीला वाजवून बघताना मिक्सरवाला म्हणायचा, सगळे मिळून वाजवा. मग हॉलच्या त्या टोकाकडून अंगठा दाखवायचा. एकट्या बासचा आवाज त्याने कधी मागितला नाही, हे मला आता आठवतं.

चांगलं झालं की माणसाला अजून चांगलं हवं असतं. सदाशिव पेठेत भाड्याच्या खोलीत राहणारा एक आयटीवाला बंगळूरला जाणार म्हणून बास विकत होता. आत बॅटरीवर चालणारं सर्किट, जाडा-बारीक आवाज बासवरच वेगवेगळा कमी-जास्त करता येईल असं. मी खोट शोधली, ती रंग उडाल्याची निघाली. तो भाव सोडेना. मी जिन्यापर्यंत गेलो. मग वर स्टँड आणि पिशवी टाकून त्याने दिला. निघताना म्हणाला, "काका, वाजवून झालं की केबल काढून ठेवत जा, नाहीतर बॅटरी उतरते."

"केबल मी विकतो, बाळ," मी म्हटलं.

काका म्हणाला म्हणून असेल, मी पुढचं ऐकलं नाही. आमच्या धंद्यात शिकवण उलटी आहे. जॅक सारखा काढला-घातला की ढिला होतो, म्हणून लावलेला असू द्यावा. जुन्या बासला त्याने काही होत नव्हतं, त्यात बॅटरीच नव्हती. मी नवा बासही तसाच केबल लावून ठेवायचो, दुकानात आणि स्टेजवर.

एका रविवारी दुपारच्या लग्नात, ताईचं जोरातलं गाणं चालू असताना, पायाशी अ‍ॅम्प फाटल्यासारखा बोलायला लागला आणि मग गप्प झाला. माझी बोटं चालू होती. हॉलमध्ये बासही चालू होता.

पहिल्यांदा वाटलं, अ‍ॅम्प गेला, पण आवाज वायरीतून पुढे मिक्सरकडे जातोय. साउंडच्या धंद्यातला कुणीही सांगेल, चालू वायर बासमधून उपटली की सगळ्या हॉलला थड् असा दणका बसतो. तो बसू नये म्हणूनच आपण कधी उपटत नाही. मी उपटली.

पायाशी अ‍ॅम्प थड् बोलला, म्हणजे तो जिवंत होता, बासची बॅटरी गेली होती; हॉलमध्ये मात्र दणका बसला नाही. वायरीचं टोक माझ्या हातात होतं आणि बास चालला होता, अगदी ठेक्यात.

मी कीबोर्डवाल्याकडे बघितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मग आपल्या डाव्या हाताकडे, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे. थांबवला मात्र नाही. कसा थांबवणार? समोर वऱ्हाड नाचत होतं.

मला बाहेर पडायला जागा नव्हती. पुढे स्टँड, मागे पडदा, बाजूला माझेच स्पीकर. मी वायर परत खोचली आणि मेलेल्या तारांवर बोटं फिरवत राहिलो. नाचता नाचता नवऱ्या मुलाच्या काकांनी माझ्याकडे बघून मस्त अशी खूण केली. मी मान हलवली. त्यानंतर आणखी गाणी होती. ती सगळी मी वाजवली.

पंगतीत मी मिक्सरवाल्याच्या शेजारी बसलो. तो सरळ माणूस आहे, त्याने घास थांबवून सांगितलं. "मी आलो तेव्हापासून तुमचा फेडर खालीच आहे. तुमचे दाजी म्हणाले होते, त्याला हात लावायचा नाही." मग म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला माहितीये."

मिक्सर माझा आहे. मी स्वतः दुकानात उघडून साफ केलेला, त्याच्या बटणाबटणाची माझी ओळख. त्यावरची माझ्या आवाजाची सरकपट्टी, म्हणजे फेडर, कुणीतरी तळाला ओढून ठेवली होती आणि मी रोज तो मिक्सर टेम्पोत चढवत होतो.

पुढच्या कार्यक्रमाला मी सगळ्यांच्या आधी पोचलो. हॉल रिकामा, खुर्च्या एकावर एक रचलेल्या. बॅटरी नवी घातली होती. फेडर मीच वर केला. दुकानातली सगळ्यात लांब वायर लावली आणि बास गळ्यात अडकवून चालत हॉलच्या मधोमध गेलो, नवरा-नवरीचे लोक बसतात तिथे. आजवर तिथून मी स्वतःला कधी ऐकलंच नव्हतं. अंगठा टेकवला, मधली जागा शोधली, हलक्या बोटाने एक सूर छेडला.

तो आला, बसला, आणि मी बोट ठेवल्यावर उठला. पत्रा गप्प राहिला. काच वाजली नाही. मी तो घसरणारा तुकडा वाजवला, जो व्हिडिओत कधी आला नाही. तोही आला.

स्टेजच्या कडेला ताई थर्मासमधलं गरम पाणी पीत बसली होती. ती कधी आली ते मी पाहिलं नव्हतं. म्हणाली, "चांगलं वाजतंय की रे."

"आज कळलं?"

तिने थर्मासचं झाकण लावायला घेतलं आणि बराच वेळ लावत राहिली. तेव्हा मला समजलं की तिलाही माहीत होतं. मी तिला त्याबद्दल विचारलं नाही. अजून विचारलेलं नाही.

दाजी आले तेव्हा मी हॉलमध्ये तसाच उभा होतो. मी काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ते शांतपणे ऐकत होते. लोकांना निवेदन ऐकवणारा माणूस, त्याला थांबायचं कुठे ते कळतं. माझं संपल्यावर म्हणाले, "मेहुणे, तुम्हाला वाजवायचं होतं. वाजवायला मिळतंय ना?"

याला उत्तर एकच होतं, उठून चालायला लागणं, आणि ते मला करता येत नव्हतं. सामान उचललं तर दाजींचं फारसं बिघडत नाही, ते दुसरीकडून आणतील, चार कार्यक्रम कमी घेतील. पण तोवर ताई कशासमोर गाणार? आईला काय सांगणार, फेडर म्हणजे काय? हळू चालत जिन्यापर्यंत गेलो असतो तरी मागून हाक आली नसती, आणि आली असती तर ती ताईची असती. दाजींना हे माझ्याआधी माहीत होतं. सौदा त्यांनी केला होता.

त्या दिवशी कार्यक्रमाच्या वेळी मिक्सरवाल्याने विचारणारी नजर टाकली. दाजींनी तळहात खाली केला. मी स्पीकरमागे उभा राहिलो आणि सगळी गाणी वाजवली. त्यानंतरचेही कार्यक्रम वाजवले. अंगठा टेकवून, हलक्या हाताने, नीट. वाईट वाजवून बघावं असं एकदा मनात आलं. बोटांनी ऐकलं नाही.

आता माझं म्हणणं. दाजी, फेडर वर करा असं मी मागत नाही. ते मागायचं तेव्हा मागेन. मला एकाच गोष्टीचं उत्तर हवंय, आणि ते मिक्सरवाला देऊ शकत नाही, कारण तेव्हा तो नव्हता. मिक्सरवर तुम्ही होतात. सिंहगड रस्त्याहून परतताना तुम्ही खिडकीतून मान वळवून म्हणालात, आज बास साजूक तुपासारखा होता. त्या दिवशी माझा फेडर वर होता की खाली? तुम्ही मला ऐकलं होतंत की कीबोर्डवाल्याचा डावा हात ऐकून मला खूश केलंत? "आठवत नाही" चालणार नाही. तुम्हाला वऱ्हाडातल्या आत्यांची नावंसुद्धा आठवतात. रविवारी टेम्पो भरायला येईन तेव्हा मी मागे सामानात बसणार नाही, तुमच्या शेजारी बसेन, आणि तुम्ही माझ्याकडे तोंड करून सांगायचं: वर होता की खाली?